खाडीपलीकडची हाक : एकदिशी आणि सर्वदिशी अँटेनांविषयी

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की धरमतर खाडीपलीकडे करंजा दिसतो. आगरदांड्याहून दिघी दिसते. बागमांडल्याहून सावित्रीचा पलीकडचा काठ, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातली वेसवी दिसते. रायगडच्या किनाऱ्यावर अशी नजरेसमोरची, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा घालायला लावणारी गावे जागोजागी आहेत. तरीवर इंजिनाच्या होड्या नव्हत्या तेव्हा होडी पलीकडच्या काठाला असली, तर उतारू दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून हाक घाली आणि नावाडी कानामागे हात धरून ती ऐके.

तळव्यांमुळे छातीतला दम वाढत नाही. चहूकडे पसरून वाया जाणारा आवाज एका दिशेला लागतो, इतकेच. आणि बोलताना जो तळवा उपयोगी पडतो तोच ऐकतानाही पडतो. बिनतारी जाळ्यात एकदिशी अँटेना नेमके हेच काम करतो. बोलणे आणि ऐकणे या दोन्हींसाठी एकच आकार, आणि दोन्हींत सारखाच फायदा.

हे आधी सांगायचे कारण असे, की अँटेनाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. बाजारात ‘जास्त पॉवरचा अँटेना’ म्हणून वस्तू विकली जाते आणि लोक ती बूस्टर समजून घेतात. अँटेनाला स्वतःची शक्ती नसते. रेडिओ यंत्राने दिलेली शक्ती तो वाटतो. एखाद्या दिशेला जास्त दिली, तर ती दुसऱ्या दिशेच्या वाट्यातून काढलेली असते. सर्व बाजूंना अगदी सारखी वाटणी करणारा एक काल्पनिक अँटेना धरायचा आणि त्याच्या किती पट शक्ती आपल्या दिशेला गेली हे पाहायचे, याला म्हणतात गेन. तो डीबीआय या एककात मोजतात. १० डीबीआय म्हणजे १० पट, २० म्हणजे १०० पट, ३० म्हणजे १,००० पट. घरातल्या राउटरच्या काड्यांचा गेन २ ते ५ डीबीआय असतो. गच्चीवर लावायच्या उभ्या पांढऱ्या काठीचा, जिला या धंद्यात ‘ओम्नी’ म्हणतात, ८ डीबीआयच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ पट. आणि ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ६० सेंटीमीटर व्यासाच्या साध्या डिशचा गेन २९ डीबीआय भरतो, म्हणजे जवळजवळ ८०० पट. मात्र ही ८०० पट शक्ती जेमतेम ६ अंशांच्या निमुळत्या पट्ट्यात असते. त्या पट्ट्याबाहेर ती डिश जवळपास मुकी आणि बहिरी असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगायला दीपगृहाइतके चांगले उदाहरण नाही. खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ मधले. दीपगृहातला दिवा फार मोठा नसतो. त्याच्याभोवती बसवलेली पायऱ्यापायऱ्यांची काच, ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात शोधलेले भिंग, त्याचा प्रकाश गोळा करून झोतात फेकते. कंदिलाचा उजेड अंगणभर पुरतो. भिंगातून गेलेला तसलाच उजेड समुद्रात मैलोगणती पोचतो. पण झोत एकाच बाजूला असल्यामुळे तो फिरवत ठेवावा लागतो. एकदिशी अँटेनाचे सामर्थ्य आणि त्याची अडचण या एका फिरत्या झोतात एकत्र दिसते. या फ्रेनेलचे नाव खाडीवरून जाणाऱ्या रेडिओलहरींच्या हिशेबातही पुन्हा येणार आहे.

दिशा धरण्याची कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. हाइनरिख हर्ट्झने १८८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे प्रयोग केले तेव्हाच जस्ताच्या पत्र्याचे अन्वस्ताकार आरसे वापरले होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर काम करताना कर्ण्यासारखा अँटेना वापरला. पण महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे पान १९२७ चे आहे. त्या वर्षी पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण, अशी मांडणी करून भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी कंपनीच्या पद्धतीची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तोपर्यंत खंडापलीकडे बिनतारी संदेश पाठवायचा तर प्रचंड शक्तीची दीर्घलहरी केंद्रे लागत. बीम पद्धतीत उंच मनोऱ्यांवरून तारांचे पडदे सोडले जात, त्यांच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा असे, आणि सगळी शक्ती लंडनच्या रोखाने जाई. लघुलहरी आणि दिशा यांच्या जोरावर पूर्वीच्या मानाने फार थोड्या शक्तीत काम होऊ लागले. दर उतरले आणि समुद्रतळाच्या केबलींचा धंदा इतका घसरला, की १९२९ मध्ये साम्राज्यातल्या केबल आणि बिनतारी कंपन्यांना एका छत्राखाली आणावे लागले. दौंड म्हटले की रेल्वे जंक्शन आठवते. त्याच दौंडला तारांचे हे पडदे इंग्लंडकडे कान लावून उभे होते, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

१९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी आडव्या दांड्यांचा अँटेना मांडला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि हाच यागी अँटेना अलिबागपासून पुढे कौलारू घरांवर चढला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना त्याची रचना आठवेल. एका दांड्याला लांबट कडीसारखा वाकवलेला दुहेरी तुकडा असे आणि त्यातून चपटी वायर खाली घरात येई. त्याच्या मागे एक लांब दांडी, ती परावर्तक. पुढे एकापेक्षा एक आखूड दांड्या, त्या दिशा देणाऱ्या. आखूड तोंड मुंबईकडे. वाऱ्याने काठी फिरली की पडद्यावर मुंग्या येत, मग घरातला एक जण कौलांवर चढे आणि दुसरा खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडे. अँटेना जुळवण्याची ही पद्धत आजच्या तंत्रज्ञाच्या पद्धतीहून फार वेगळी नाही. आज ‘आलं, गेलं’ऐवजी मोबाइलवर आकडा दिसतो, एवढाच फरक.

आता प्रकारांची तुलना. ओम्नी चारी बाजूंना सारखी देते, पण वर आणि खाली देत नाही. तिच्या पसाऱ्याचा आकार मेदुवड्यासारखा असतो. गेन वाढवला की हा वडा दाबून चपटा होतो, पोळीसारखा. म्हणून उंच मनोऱ्यावर १२ डीबीआयची ओम्नी लावली, की दूरच्या वाडीत रेंज मिळते आणि मनोऱ्याच्या पायथ्याच्या घरात मिळत नाही. अशा तक्रारीवर ‘आणखी मोठी काठी लावा’ हा सल्ला मिळतो आणि तो नेमका उलटा असतो.

सेक्टर अँटेना हा मधला मार्ग आहे. मोबाइल टॉवरवर तीन बाजूंना उभे चपटे खोके दिसतात, ते प्रत्येकी साधारण १२० अंश सांभाळतात. गाव एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला असेल, तर किनाऱ्यावरच्या गावात ओम्नी लावणे म्हणजे निम्मी शक्ती लाटांना देणे. तिथे सेक्टरच हवा. यागी आणि पॅनेल हे घराच्या टोकाला, एका मनोऱ्याकडे तोंड करून लावण्याचे स्वस्त साधन आहे. आणि दोन ठिकाणे जोडायची असतील तर डिश. जाळीची डिश असली तर वारा आरपार जातो, भरीव पत्र्याची असली तर मागचा गोंगाट कमी ऐकू येतो.

मात्र एकदिशी अँटेना सर्वत्र श्रेष्ठ, असे कोणी समजू नये. मच्छीमार बोटीचेच पाहावे. बोट लाटांवर डुलते, वळते, जाळे ओढताना उलटी फिरते. तिच्यावर डिश लावली तर झोत क्षणात आकाशात आणि क्षणात पाण्यात. म्हणून बोटीवरच्या व्हीएचएफ संचाला सर्वदिशी काठीच लागते. संकटाच्या वेळी १५६.८ मेगाहर्ट्झच्या सोळाव्या चॅनेलवर दिलेली हाक कोणत्या बोटीने, कोणत्या दिशेने ऐकावी हे आधी ठरवता येत नाही. जिथे ऐकणारा कुठे आहे हे माहीत नाही, किंवा तो हलता आहे, तिथे सर्वदिशीच खरा. जिथे दोन्ही टोके पक्की आहेत, तिथे एकदिशी.

हे आकड्यांत पाहू. ३ किलोमीटरची खाडी धरली. ५.८ गिगाहर्ट्झची लहर तेवढ्या अंतरात ११७ डेसिबल क्षीण होते. एका टोकाकडून येणारी शक्ती तीच ठेवून दुसऱ्या टोकाला एकदा ८ डीबीआयची ओम्नी लावली आणि एकदा २९ डीबीआयची डिश लावली, तर डिशच्या बाजूला मिळणारा सिग्नल सुमारे १२५ पट मोठा असतो. ओम्नीवर कसाबसा टिकणारा दुवा डिशवर वेगाने चालतो.

इथे कायद्याचा मुद्दा येतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. रेडिओची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनाच्या गेनसह दिशेतली परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत, आणि अँटेना इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरच्या आत, अशा अटी होत्या. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठी २०१८ मध्ये मोकळा झाला. मर्यादा दिशेतल्या शक्तीवर असल्यामुळे मोठी डिश लावली की रेडिओची शक्ती तेवढी उतरवावी लागते. म्हणजे कायद्याच्या चौकटीत डिश घेऊन जास्त मोठ्याने बोलता येत नाही. पण ऐकण्यावर मर्यादा नाही. डिशचा खरा नफा तिच्या कानात आहे.

आणि तो नफा दुहेरी आहे, कारण नको ते ऐकू येत नाही. मांडवा, किहीम, नागाव या भागांत बंगले आणि रिसॉर्टे वाढली तशी वायफायची गर्दी वाढली. ओम्नी प्रत्येक बंगल्यातला राउटर ऐकते. डिश फक्त समोरच्याला ऐकते. गोंगाटापासून दूर जाण्याचे एक थोर उदाहरण अलिबागलाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसताच कुलाबा वेधशाळेतली भूचुंबकीय मोजमापे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. ट्राम १९०७ मध्ये धावली. वेधशाळेला जागा बदलावी लागली, कारण चुंबकत्वाच्या मापनाला तोंड फिरवता येत नव्हते. अँटेनाला ते येते.

खाडीवरच्या दुव्याला दोन वैरी असतात. पहिला माड. नजरेला समोरचा काठ दिसला म्हणजे रेडिओला वाट मोकळी झाली, असे नसते. लहर सुतासारखी जात नाही, दोन टोकांमध्ये भोपळ्यासारखी फुगून जाते. या फुगवट्याला त्या दीपगृहवाल्या फ्रेनेलचेच नाव आहे. ३ किलोमीटरच्या दुव्यात मधोमध या फुगवट्याची त्रिज्या ६ मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. गेटवेपासून मांडव्यापर्यंतचे सरळ रेषेतले साधारण १४ किलोमीटर धरले तर ती १३ मीटरच्या पुढे जाते आणि पृथ्वीच्या गोलाईचे सुमारे ३ मीटर त्यात मिळवावे लागतात. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. वाडीतल्या माडाच्या आणि पोफळीच्या झावळ्या त्यात घुसल्या की सिग्नल घटतो, आणि पावसात भिजल्या की आणखी घटतो. लोक पावसाला दोष देतात. डीटीएचची छत्री १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, तिथे मुसळधार पाऊस खरोखर अडथळा करतो. ५ गिगाहर्ट्झवर काही किलोमीटरच्या दुव्याला पावसाचे थेंब नगण्य असतात. आड येतात ती भिजलेली झाडे आणि जोडणीत शिरलेले पाणी.

दुसरा वैरी समुद्राचे पाणी. समोरून सरळ येणाऱ्या लहरीबरोबर एक लहर पाण्यावर आपटूनही येते. दोघी एका पावलात असल्या तर सिग्नल वाढतो, उलट्या पावलात असल्या तर एकमेकींना मारतात. कोणत्या पावलात येतील हे पाण्याची उंची ठरवते. ३ किलोमीटरच्या खाडीवर दोन्ही डिश ओहोटीच्या पाण्यापासून १५ मीटर वर असल्या आणि भरतीला पाणी ४ मीटर चढले, तर दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक सुमारे १.३ तरंगलांबीने बदलतो. म्हणजे ओहोटीपासून भरतीपर्यंत सिग्नल एक-दोनदा तळाला जाऊन वर येणारच. इथे डिशची दिशाही वाचवत नाही. परावर्तित लहर सरळ लहरीपासून अर्ध्या अंशाच्या आसपास वळलेली असते आणि ६ अंशांच्या झोतात सहज मावते.

अशा बिघाडाची खूण ओळखण्याजोगी असते. नेट काल सकाळी दहाला गेले, आज पावणेअकराला गेले, उद्या साडेअकराला जाईल. यंत्र बदलून काही होत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या कोळ्याला ही तक्रारवही दाखवली, तर तो एका नजरेत कारण सांगेल. उधाणाला बिघाड जास्त, भांगाला कमी. उपाय साधे आहेत. एकाच काठीवर दोन वेगळ्या उंचीवर दोन डिश लावाव्यात, म्हणजे एकीचा सिग्नल तळाला गेला तरी दुसरीचा टिकतो. किंवा डिश गच्चीच्या कठड्यापासून इतकी मागे घ्यावी, की पाण्यावरून येणारी लहर कठड्याआड जाईल आणि सरळ लहर मोकळी राहील.

उन्हाळ्यात समुद्रावरची हवा कधी कधी लहरींना वाकवून पृष्ठभागालगत कोंडून धरते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे पडसाद उमटले होते ते याच कारणाने. अरबी समुद्राचा हा स्वभाव लक्षात ठेवूनच किनाऱ्यावरचा दुवा आखावा लागतो.

लांबच्या अंतराला आणखी एक पेच असतो. साधे वायफाय निरोप पाठवून क्षणभर पोचपावतीची वाट पाहते. १४ किलोमीटर जाऊन येण्यास लहरीला ९३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढा धीर यंत्राला दिला नाही, तर ते निरोप हरवला समजून पुन्हा पुन्हा पाठवत बसते. शिवाय एका मनोऱ्याकडे तोंड केलेल्या दहा घरांच्या डिश एकमेकींना ऐकत नाहीत, म्हणून सगळ्या एकदम बोलतात आणि मनोऱ्यावर कालवा होतो. सर्वदिशी जाळ्यात हा त्रास कमी, एकदिशीत जास्त. त्यावर तोडगा म्हणजे पाळीपाळीने बोलायला लावणे. कानपूर आयआयटीत भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या मैदानातल्या गावांत लांब पल्ल्याचे वायफाय दुवे उभारून या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये घरगुती राउटर आणि मोठ्या डिश वापरून दोन पर्वतांमध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखवला. त्यापुढे रायगडमधली कुठलीही खाडी लहान आहे.

या साऱ्याचा मेळ घालणारे काम शेजारीच, पालघर जिल्ह्यात झाले. मुंबई आयआयटीच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राम मार्ग’ या नावाने खामलोली परिसरात टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर सात वस्त्यांना इंटरनेट दिले, पुढे ते २५ गावांपर्यंत नेले. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लांब लहरी झाडांतून आणि चढउतारांतून अधिक चांगल्या जातात. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिला पुरस्कार मिळाला. त्याचे सूत्र रायगडला जसेच्या तसे लागू पडते. फायबर जिथपर्यंत आली तिथून पुढच्या गावापर्यंत एकदिशी दुवा, आणि त्या गावाच्या आत सेक्टर किंवा ओम्नी. दोन्ही प्रकारांची गरज आहे, फक्त आपापल्या जागी.

या तुलनेची खरी कसोटी ३ जून २०२० ला लागली. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यासह ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, तारा तुटल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या भागांत वीज आणि फोन कित्येक दिवस नव्हते. मुंबईतल्या मुलांना गावच्या आईवडिलांची खबर मिळत नव्हती. खांबांवरून गेलेली फायबर झाड पडले की जाते आणि जोडायला वाट मोकळी व्हावी लागते. ६० सेंटीमीटरच्या भरीव डिशवर एवढ्या वाऱ्याचा दाब वीस-पंचवीस किलोचा असतो. चांगल्या पकडीला तो सोसतो. पण डिश तीन अंश जरी फिरली तरी सिग्नल निम्मा होतो, आणि आणखी थोडी फिरली की दुवा गेला. ओम्नीला हे भय नाही, काठी उभी राहिली की काम चालू. म्हणून वादळाच्या किनाऱ्यावर डिशची निवड केवळ गेन पाहून करू नये. पाइप जाड हवा, पकड दुहेरी हवी, जाळीच्या डिशचा विचार व्हावा, आणि जुळवणीनंतर पाइपावर आणि पकडीवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवावी. वादळानंतर कोणाही माणसाला ती रेघ पुन्हा जुळवून दुवा परत आणता येईल.

खारी हवा हा रोजचा शत्रू आहे. किनाऱ्यावरच्या बंद पडलेल्या संचाची जोडणी उघडली की बहुधा आत हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. ते गंजलेले तांबे असते. बाहेरची टेप उन्हाने सुटलेली असते आणि केबल वरून थेट जोडणीत उतरवलेली असते, त्यामुळे पाणी तिच्यावरून वाहत आत शिरते. केबलीला जोडणीच्या खाली एक झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. रबरी, आपोआप चिकटणारी टेप खालून वर गुंडाळावी, कौलांसारखा एकावर एक पदर यावा.

रायगडच्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना एवढीच विनंती आहे. नवा दुवा घेण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी लिहून मागाव्यात : दोन टोकांमधील मोकळी वाट कोणत्या उंचीवर मिळते, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला आणि ओहोटीला मोजलेला सिग्नल किती, आणि डिशच्या पकडीने किती वारा सोसावा अशी तिची घडण आहे. मोजणी एका दिवसाची नको, पंधरवड्याची हवी. आणि दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोणीतरी गच्चीवर चढून रंगाची रेघ आणि टेपचे पदर पाहून यावे.